हबकण्याचं इंग्रजी

अमरावती काय आणि अकोला काय, स्पर्धा परीक्षेच्या मागे लागलेल्या पोरांच्या वहीत इंग्रजी वाक्प्रचारांची यादी हमखास सापडते. तीत ‘टेकन अबॅक’समोर लिहिलेलं असतं ‘आश्चर्यचकित होणे’. थोडं खाली ‘बोल्ड ओव्हर’, त्याच्यासमोरही ‘आश्चर्यचकित होणे’. परीक्षेपुरतं भागतं. पण पोरगी बोर्डात पहिली आल्याच्या आनंदात कोणी ‘टेकन अबॅक’ होत नाही, आणि पाहुण्यानं तोंडावर अपमान केला तर ‘बोल्ड ओव्हर’ होत नाही.

‘टेकन अबॅक’ शिडाच्या जहाजावरून आला. वारा अचानक समोरून आदळला की शिडं उलटी डोलकाठीला चिकटतात आणि चालतं जहाज जागीच अडतं. म्हणून त्यात नवलापेक्षा अडणं जास्त. वाचा क्षणभर बसते, पाऊल मागे जातं. रूपही बहुधा कर्मणीच; माणूस स्वतः काही करत नाही, त्याच्यावर काहीतरी येऊन आदळतं.

वऱ्हाडात समुद्र नाही, पण म्हणून हे अवघड जावं असं काही नाही. पोराच्या तोंडात ‘हबकलो’ आहे, ‘चाट पडलो’ आहे. सुनेनं फाडकन उत्तर दिलं की सासू शेजारणीला सांगते, ‘मी तं पायतच रायली!’ चांगल्या नवलाची तऱ्हा निराळी: ‘बाप्पा! काय कापूस फुटला राजा यंदा!’ इथे समोरच्यालाही नवलात ओढून घेतलेलं असतं.

गाडगेबाबांच्या कीर्तनात हे हबकणं पाहायला मिळे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेला हा माणूस श्रोत्यांना साधे प्रश्न विचारी. लोक हसत हो ला हो देत. मग तोच प्रश्न कर्ज काढून घातलेल्या जेवणावळीवर, नवसाच्या बोकडावर वळे, आणि आत्तापर्यंत मान डोलावणारा स्वतःच्याच उत्तरात सापडे. वारा समोरून आला तो असा. त्या श्रोत्याला ‘आश्चर्यचकित’ म्हणणं म्हणजे बाबांची सगळी कारागिरी वाया घालवणं.

दोष पोरांचा नाही, त्या छापील मराठीचा आहे. ‘आश्चर्यचकित’ हा शब्द घरी कोण बोलतं? उद्धव शेळक्यांनी ‘धग’मध्ये, १९६० साली, याच वऱ्हाडी बोलीत माणसं बोलती केली. कादंबरीचं दुःख पेलणाऱ्या बोलीला वाक्प्रचारांची यादी जड जाणार नाही. पण क्लासमध्ये वऱ्हाडी बोललं की पोरं हसतात, आणि सरही चपापून पुस्तकी मराठीवर येतात. (इथे सर ‘टेकन अबॅक’ झाले, हे फळ्यावर लिहायला हरकत नव्हती.)

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय. तिथून इंग्रजी-वऱ्हाडी असा खिशात मावणारा कोश निघाला तर पहिल्या दिवशी रांगेत मी उभा असेन. फक्त त्यात ‘आश्चर्यचकित’ दिसला नाही पाहिजे.