ट्रंकेतलं नाव

मराठीत 'गेले' म्हटलं की ऐकणारा एकच अर्थ घेतो. माझे वडील गेले तेव्हा मी चार वर्षांची होते, आणि पुढे कितीतरी वर्षं आईला या शब्दामागे एक वाक्य जोडावं लागे: "वारले नाहीत, निघून गेले." समोरच्याच्या चेहऱ्यावर आलेली हळहळ तिथल्या तिथे थिजायची. वारलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. निघून गेलेल्याबद्दल काय बोलावं, हे कुणीच कुणाला शिकवलेलं नसतं. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आम्ही राहायचो. तिथल्या बायकांची अडचण आणखी वेगळी होती. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आईला बोलवायचं की नाही? नवरा आहे म्हणावं तर घरात नाही, नाही म्हणावं तर कुठेतरी आहे. समोरच्या घरातल्या काकू मात्र दरवर्षी स्वतः यायच्या आणि दारातूनच सांगायच्या, "लवकर ये गं, डाळ-पन्हं संपायच्या आत." त्या काकूंचं हे एक वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही.

'पारा' म्हणजे छत्तीसगढीत वस्ती. तात्यापारा, ब्राह्मणपारा, कंकालीपारा असे एकाला एक लागून आहेत. 1758 मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला आले, त्या काळापासून नागपूरकडची मराठी माणसं या मुलखात येत राहिली. इथून समुद्र लांब. त्यामुळे समुद्रातून येणाऱ्या प्रियकराची गोष्ट आमच्या पाऱ्यात कुणी सांगत नसे. ती मला फार उशिरा, पुस्तकात सापडली. तरीही वाचताना ही आपल्याच घरातली आहे असं वाटत राहिलं.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटं आहेत. तिथल्या बोलीत सील या प्राण्याला 'सेल्की' म्हणतात. लोक सांगतात की काही सेल्की किनाऱ्यावर येऊन कातडं उतरवतात आणि देखणी माणसं होतात. कातडं परत मिळालं तर पाण्यात जातात, हरवलं तर जमिनीवर अडकतात. ऑर्कनीतल्या वॉल्टर ट्रेल डेनिसन यांनी एकोणिसाव्या शतकात या कथा जमवल्या. त्यांतली वॉस्टनेसच्या शेतकऱ्याची कथा सर्वांत जास्त सांगितली जाते. हा गडी एका सेल्की बाईचं कातडं पळवतो आणि तिला घरी आणतो. संसार होतो, सात मुलं होतात, पण बाई सगळं घर धुंडाळत राहते. एक दिवस धाकटी मुलगी पाय दुखतो म्हणून घरी राहिलेली असते. आई काय शोधतेय हे तिला कळतं आणि ती सांगून टाकते: बाबांनी ते छपराच्या वळचणीत लपवलंय. आई कातडं घेते आणि समुद्रात निघून जाते.

दुसऱ्या कथेत बाईच सेल्कीला बोलावते. अर्सिला नावाची श्रीमंत घरची मुलगी मनासारखं लग्न करते आणि तरीही सुखी होत नाही. ती भरतीच्या वेळी समुद्रात सात आसवं टाकते आणि सेल्की पुरुष येतो. तिच्या मुलांची बोटं बदकासारखी पडद्याने जोडलेली निघतात, आणि ते पडदे कात्रीने कापावे लागतात. सात आसवं वाचताना मला आपल्या साती आसरा आठवल्या. विहिरीच्या, डोहाच्या काठी शेंदूर फासलेले ते सात दगड. छत्तीसगढात त्यांच्या जागी सतबहिनिया आहेत. पाण्यात राहणाऱ्या आणि कुणाच्याही बायका नसलेल्या सात बहिणींची भीती आणि भक्ती आपल्याकडे एकाच ओटीत घालतात.

पण मला खरं धरून ठेवलं ते सूल स्केरीच्या सेल्कीच्या पोवाड्याने. सूल स्केरी हा ऑर्कनीच्या पश्चिमेला सुमारे 60 किलोमीटरवर असलेला ओसाड खडक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आरमारातल्या कॅप्टन थॉमस यांनी हा पोवाडा शेटलंडमधल्या एका वृद्ध बाईंकडून उतरवून घेतला. पुढे फ्रान्सिस चाइल्ड यांच्या मोठ्या संग्रहात तो 113 क्रमांकावर आला. त्याच्या सुरुवातीलाच एक एकटी आई बाळाला जोजवत बसलेली आहे, आणि बाळाचा बाप कोण, कुठला, हे तिला ठाऊक नाही. मग तो तिच्या पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभा राहतो. आपण जमिनीवर माणूस आणि पाण्यात सेल्की आहोत, असं सांगतो. तिच्या मांडीवर सोन्याची थैली ठेवतो आणि मुलगा मागतो. उन्हाळ्यात खडक तापले की त्याला पोहायला शिकवीन, म्हणतो. तू एका बंदूकवाल्याशी लग्न करशील आणि त्याची पहिलीच गोळी माझा नि मुलाचा जीव घेईल, हेही तोच सांगून ठेवतो.

त्या सोन्याला पोवाड्यात जो शब्द आहे, त्याचा अर्थ दाईचा पगार असा होतो. मी तिथे थांबले. पोटच्या पोराला अंगावर पाजणाऱ्या बाईला त्याने पगारी दाई ठरवलं होतं. तो दुष्ट नाही. तो परत आला, ओळख दिली, हिशेब चुकता केला. जगातल्या पुष्कळ बापांनी यातलं काहीच केलेलं नाही. पण बाळ आपलं आहे आणि ती ते आपल्यासाठी सांभाळत होती, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही.

ज्या प्राण्यावरून ही कथा निघाली, त्याचं जगणं मात्र नेमकं उलटं आहे. त्या बेटांवर करड्या सीलच्या माद्या शरद ऋतूत किनाऱ्यावर येऊन वितात. साधारण तीन आठवडे पिल्लाला पाजतात, आणि तेवढे दिवस स्वतः काही खात नाहीत. त्यांच्या दुधात निम्म्याहून जास्त चरबी असते. पिल्लू फुगत जातं आणि आई वाळत जाते. नर पिल्लाकडे ढुंकूनही पाहत नाही. आईचं असं आटत जाणं किनाऱ्यावरचे लोक दर वर्षी बघत होते. तरी गोष्ट रचताना सोन्याची थैली त्यांनी बापाच्याच हातात दिली.

आपल्याकडेही पाण्याशी नातं असलेल्या बायका आहेत, आणि मूल कुणाकडे जाणार या प्रश्नापाशी त्याही येतात. शतपथ ब्राह्मणात पुरूरव्याला सोडून गेलेली उर्वशी सरोवरात पाणपक्ष्याच्या रूपात पोहत असते. वर्षाने ये, तोवर तुझा मुलगा झालेला असेल, असं ती त्याला सांगते. मत्स्यगंधेचा व्यास यमुनेच्या बेटावर जन्मतो आणि जन्मताच तपाला निघून जातो. ती पुढे हस्तिनापूरची राणी होते. कालिदासाने 'विक्रमोर्वशीय' नाटकात हा पेच सर्वांत जास्त ताणला आहे. राजाने पुत्राचं मुख पाहिलं की उर्वशीला स्वर्गात परतावं लागणार, अशी इंद्राची अट असते. म्हणून प्रियकरापाशी राहण्यासाठी ती पोटचा मुलगा च्यवनाच्या आश्रमात दडवून ठेवते. प्रेम हवं तर मूल लपव, मूल हवं तर प्रेम सोड. एकट्या आईच्या मनात डोकावून कुणीतरी लिहिल्यासारखी ही अट आहे. शेवटी मुलगा ओळखला जातो तो त्याच्या बाणावर कोरलेल्या अक्षरांवरून. तिथे आधी उर्वशीचा उल्लेख आहे, मग बापाचा, मग आयु हे त्याचं स्वतःचं नाव.

नावाचं मी मुद्दाम सांगतेय. आमच्यात मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, तेही रोज, हजेरीच्या प्रत्येक हाकेला. लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. कधी पहिलं नावही बदलतो, माहेरचं मधलं आणि आडनाव तर जातंच. सेल्कीच्या कातड्याला मराठीत काय म्हणावं याचा मी पुष्कळ विचार केला. माझं उत्तर हे की आपल्याकडे ते कातडं म्हणजे नाव. ते कुणी चोरत नाही. भरल्या मांडवात, अक्षता पडत असताना, सगळ्यांच्या कौतुकाने ते उतरवून ठेवलं जातं.

छत्तीसगढात तर पाण्याचंही लग्न लावतात. नवा तलाव खोदला की विधिपूर्वक त्याचा विवाह होतो, मधोमध लाकडी खांब उभा करतात, आणि तोवर त्याचं पाणी वापरायला घेत नाहीत. कोरड्या दिवसांत पाणी खाली गेलं की तो खांब उघडा पडलेला दिसतो. हा रिवाज मला सुंदर वाटतो. पाण्याला घरचं माणूस मानल्याशिवाय असं सुचणार नाही. आणि त्याच वेळी मनात येतं, पाणीसुद्धा कुणाचं तरी झाल्याशिवाय चालत नाही का?

मी दहा वर्षांची असताना आईची लोखंडी ट्रंक उघडली. शालूखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, चार घड्या घातलेला एक कागद होता. मॅट्रिकचं सर्टिफिकेट. त्यावरचं नाव मी मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "ही कोण?" आई कणीक मळत होती. तिने हात पुसले नाहीत, तशीच आली आणि म्हणाली, "मी." पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. कागदाच्या कोपऱ्यावर तिच्या बोटाची कणीक लागली. तो डाग अजून आहे. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. पुढच्या जूनमध्ये त्या नावाने अर्ज करून ती एका शाळेत शिकवायला लागली. पहिल्या दिवशी ती बाहेर पडली तेव्हा मी दारात रडले. मी शोधून काढलेल्या कागदामुळेच आई जाते आहे, हे मला पक्कं कळलं होतं. ती साडेदहाला गेली आणि साडेपाचला परत आली.

आईला एकदा मागणी आली होती. भिलाईला नोकरी करणारे एक गृहस्थ रविवारी यायचे. बूढा तलावात मला पोहायला त्यांनीच शिकवलं. पाठीखाली हात धरायचे आणि न सांगता काढून घ्यायचे, आणि मी तरंगत राहायचे. भला माणूस. आईला ते आवडत होते, हे मलाही कळत होतं. ते म्हणाले, "मुलीला माझं नाव लावू." याहून मोठं काय द्यावं, असंच त्यांना वाटलं असणार. आई म्हणाली, "तिला तिचं नाव आहे." पुढे ते आले नाहीत. सूल स्केरीचा पोवाडा वाचताना त्या सोन्याच्या थैलीपाशी मला पहिल्यांदा आठवले ते हेच. मन लावून दिलेली गोष्टसुद्धा घेणाऱ्याचं काहीतरी काढून घेते, हे त्यांना सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. आई थोडी जास्त बोलली असती तर त्यांना कळलंही असतं, असं मला अजून वाटतं.

अलीकडे सेल्कींवर नव्या प्रेमकथा लिहिल्या जातात. एखादीत किनाऱ्यावरच्या घरात एकटी आई असते, पाण्यातून आलेला पुरुष असतो, आणि शेवटी कुणालाच कुणाला सोडावं लागत नाही. अशा पुस्तकांना हलकं समजायची रीत आहे. मला ती मान्य नाही. जुन्या गोष्टीत आईला दोनच जागा होत्या: अडकलेली नाहीतर निघून गेलेली. नवी लेखिका तिसरी जागा शोधते. तिथे तो माणूस स्वतःचं कातडं दाराच्या खुंटीला, सगळ्यांना दिसेल असं टांगून ठेवतो. तो जाऊ शकतो हे तिला ठाऊक असतं, आणि तिचंही एक कातडं आहे हे त्याला. थकलेल्या बाईने रात्री मूल निजल्यावर असं काही वाचावं, यात मला तिचा शहाणपणा दिसतो. असा माणूस जगात असू शकतो ही कल्पनाही कुणीतरी आधी करायला हवी ना.

कायदा या वाटेने फार सावकाश चालला. 1956च्या कायद्याने अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप ठरवला आणि 'त्याच्यानंतर' आई. त्या 'नंतर'चा अर्थ केवळ बापाच्या मृत्यूनंतर असा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगितलं, 1999 मध्ये. अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता मुलाचं पालकत्व मिळू शकतं, हे जुलै 2015 मध्ये. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदांसाठी ठरवला. कालिदासाच्या बाणावरही आईच पुढे होती. माझ्या लहानपणी शाळेच्या फॉर्मवर 'पिता का नाम' एवढाच रकाना असे. आई तिथे वडिलांचं नाव लिहायची, ठळक, एकही अक्षर न गाळता. गेलेल्या माणसाचं नाव तिने कधी लपवलं नाही.

गेल्या दिवाळीत मी तिला वॉस्टनेसची गोष्ट मराठीत सांगितली. आता तिला कमी ऐकू येतं, म्हणून जवळ बसून, सावकाश. ती बाई समुद्रात जाते तिथे आई काही बोलली नाही. धाकट्या मुलीचं तिने पुन्हा सांगायला लावलं: वळचणीतलं कातडं तिने कसं पाहिलं, आईला कसं सांगितलं. मग म्हणाली, "ती पाय दुखतो म्हणून घरी राहिली होती ना?"

"हो."

"मग तिच्या पायाचं काय झालं?"

मी पुस्तक पुन्हा उघडून पाहिलं. ते त्यात लिहिलेलं नाही.