पिनसाठी केलेली सेवा

लंडनमध्ये १९०९ साली दाट धुक्यात वाट चुकलेल्या एका अमेरिकन गृहस्थाला एका मुलाने मुक्कामी पोहोचवलं. गृहस्थाने बक्षिसी पुढे केली, तर मुलाने ती नाकारली. स्काउट मदतीचे पैसे घेत नसतो, एवढं सांगून तो निघून गेला. ते गृहस्थ म्हणजे प्रकाशक विल्यम बॉइस. त्यांनी पुढच्याच वर्षी अमेरिकेत बॉय स्काउट्सची स्थापना केली, ती या मुलामुळे, असं चळवळीत आजही सांगतात. या गोष्टीत दंतकथेची भर बरीच पडली असेल. पण चळवळ स्वतःकडे कोणत्या नजरेने पाहते, ते मात्र त्यातून नेमकं कळतं.

आणि याच चळवळीने पुढे बॅज, पिना आणि पदकांची मोठी उतरंड रचली. जुलिएट गॉर्डन लो यांनी १२ मार्च १९१२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या सवाना शहरात १८ मुलींना घेऊन गर्ल स्काउट्सची सुरुवात केली. चारच वर्षांत मुलींसाठी सर्वोच्च सन्मान ठरला, ‘गोल्डन ईगल ऑफ मेरिट’. नावं बदलत १९८० पासून तो ‘गोल्ड अवॉर्ड’ झाला. नववी ते बारावीतली मुलगी आपल्या परिसरातला एखादा प्रश्न निवडते, त्याच्या मुळाशी जाते, सोबती जमवते, आराखडा मंजूर करून घेते आणि मग कामाला लागते. किमान ८० तास अपेक्षित असतात. कॉलेजच्या अर्जात या पुरस्काराला वजन असतं. सैन्याच्या काही दलांत भरती होताना वरची श्रेणीही मिळू शकते. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतूनही मुली या वाटेने जातात, आणि गीता कानावर पडलेल्या एखाद्या आजीच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो: फळावर डोळा ठेवून केलेलं काम सेवा म्हणायचं का?

प्रश्न जुना आहे आणि एकट्या गीतेचा नाही. गिऱ्हाईक टिकावं म्हणून सचोटीने वागणारा दुकानदार तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्ये उदाहरणादाखल घेतला. त्याचं वागणं कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यापोटी नाही, म्हणून त्याला नैतिक मोल नाही, असा निवाडाही दिला. या मापाने गोल्ड अवॉर्डच्या बऱ्याच मुली नापास होतील.

पण सोळाव्या वर्षी कोणाचा हेतू धुतल्या तांदळासारखा असतो? ज्यू परंपरेने हे फार समजुतीने हाताळलं आहे. तालमूदमधल्या आचार्यांचं मत असं, की धर्मकृत्य आधी दुसऱ्या कशासाठी केलं तरी करावं, कारण करता करता ते त्याच्या स्वतःसाठी होऊ लागतं. ॲरिस्टॉटलही म्हणतो की न्यायाची कृत्यं करत गेल्यानेच माणूस न्यायी होतो. हेतू आधी निर्मळ करून मग कामाला हात घालायचा, हा क्रम तरुण मुलांना कधीच जमलेला नाही, आणि मोठ्यांनाही क्वचितच.

खरं तर फलत्यागाचा कस या पुरस्कारात वेगळ्याच ठिकाणी लागतो. एक नेहमीचा प्रकल्प घ्या. शाळेच्या स्वच्छतागृहात सॅनिटरी पॅड्सचं कपाट ठेवायचं, ज्या मुलीला गरज असेल तिने न विचारता घ्यावं. कपाट बसवणं हे दोन शनिवारांचं काम. पुढे खरी कसोटी सुरू होते. पॅड्स संपले की भरणार कोण? शाळेची नर्स भरेल, पण तिच्याकडे पैसे कुठून येणार? पालकसंघ देईल, पण पुढच्या वर्षी पालकसंघात नवी माणसं असतील, त्यांना कोण सांगणार? हे सगळं कागदावर उतरवून, नर्सशी आणि पालकसंघाशी बोलून, खालच्या वर्गातल्या दोघींना तयार करून मुलीला बाजूला व्हावं लागतं. आपण गेल्यावरही काम चालू राहील अशी सोय करणं ही या पुरस्काराची अटच आहे. नुसतं दान गोळा करून दिलं तर हा सन्मान मिळत नाही.

बाराव्या शतकात ज्यू विचारवंत मायमोनिडीसने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. घेणाऱ्याला पुन्हा हात पसरावा लागू नये असं देणं ही त्यातली सर्वांत वरची पायरी. कपाटामागची व्यवस्था त्या पायरीच्या दिशेने जाते, भले मुलीची नजर कॉलेजच्या अर्जावर असो. स्वतः उभं केलेलं काम दुसऱ्याच्या हाती सोपवून त्याशिवाय राहायला शिकणं म्हणजे कर्तेपण सोडणंच. ते पुरस्काराची पिन नाकारण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

अडचण येते ती शेवटच्या टप्प्यावर. केलेलं काम मुलीने लोकांपुढे मांडावं, इतरांना प्रेरणा द्यावी अशी अपेक्षा असते. आणि येशूने तर सांगितलं की उजव्या हाताने दिलेलं डाव्या हातालाही कळू नये. मात्र मत्तयच्या शुभवर्तमानात याच डोंगरावरच्या प्रवचनात, एका अध्यायाआधी, लोकांना तुमची सत्कृत्यं दिसतील असा तुमचा प्रकाश पडू द्या, असंही आहे. दोन्ही वचनं एकाच मुखातली. कामाची माहिती पोहोचली तर दुसऱ्या शाळेत कपाट बसेल. मुलीच्या कौतुकाची पोहोचली तर तिचा फोटो छापून येईल. वार्षिक कार्यक्रमात हा फरक सांभाळणं सोपं नसतं, आणि पुष्कळदा तो सांभाळलाही जात नाही.

धर्माचा प्रश्न संस्थेपुढेही आला होता. गर्ल स्काउटच्या शपथेत देवाची आणि देशाची सेवा आहे. १९९३ मध्ये ठरलं की ‘देव’ या शब्दाच्या जागी मुलीने आपल्या श्रद्धेला साजेसा शब्द घ्यावा. सेवा मात्र सगळ्यांना सारखीच राहिली. हा निर्णय शहाणपणाचा होता.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार येतात. देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून, मनाविरुद्ध दिलेलं राजस. अवेळी, अनादराने दिलेलं तामस. इथे पात्र पाहणं ही गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून निसटते. अर्जात चांगला दिसेल असा प्रकल्प आधी ठरवून मग गरजू शोधले, तर ज्यांना मदत करायची ती माणसं फाइलीतला मजकूर होऊन बसतात. पुण्यात आळंदी रस्त्यावर ‘संगम’ हे गाइड चळवळीचं जागतिक केंद्र १९६६ पासून उभं आहे. देशोदेशींच्या मुली तिथे येऊन राहतात, स्थानिक संस्थांबरोबर काम करतात. काही आठवडे राहून परत जाणाऱ्या पाहुणीला तर हा प्रश्न अधिकच टोचायला हवा: गरज काय आहे, हे इथल्या बाईला विचारलं का?

आणि एक गोष्ट सलते. कोणाची आई दोन नोकऱ्या करते, म्हणून मुलगी शाळेतून येऊन धाकट्या भावंडांना जेवू घालते, आजीला औषध देते, तिची कूस बदलते. तिचे ८० तास महिन्याभरात भरतात. पण पुरस्काराच्या नियमांत घराबाहेरचा समाज लागतो, त्यामुळे यातला एकही तास मोजला जात नाही. प्रकल्प उभा करायला लागणारी मोकळी संध्याकाळ, गाडी, फोन उचलणारे ओळखीचे मोठे लोक, हे सगळं जिच्याकडे आहे तिच्यापर्यंत पिन सहज पोहोचते. हे नियम ठरवणाऱ्यांनी घरातल्या शुश्रूषेलाही जागा करून द्यायला हवी. शंभरी ओलांडलेल्या चळवळीला तेवढं खचितच जमेल.