काखेतला कळसा

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याला हसण्यासाठी वापरतो. कळसा शोधत गावभर फिरणारा मनुष्य वेडगळ ठरतो, दोषी ठरत नाही. कारण वळसा त्याचा त्यालाच पडलेला असतो. परंतु घरात कोणी तहानलेले असेल आणि कळसा त्याच्यासाठी हवा असेल, तर? मग ते अज्ञान केवळ हसण्याचा विषय राहते काय? हाती असलेल्या वस्तूचे गुण ठाऊक नसणे हा नैतिक दोष आहे की नाही, हा प्रश्न गेले काही महिने आमच्या मनात घर करून आहे. आणि त्याला निमित्त झाला आहे एक साधा मोबाइल फोन.

केंद्र सरकारच्या दिल्लीतील कचेरीत कारकुनी करणाऱ्या आमच्यासारख्याचा दिवस संगणकापुढे जातो. एका पत्रातून क्रमांक कॉपी करावा, टिपणीत आणून ठेवावा, पुन्हा मागे जाऊन तारीख आणावी, अशा येरझारा आम्ही वर्षानुवर्षे घातल्या. वास्तविक विंडोजमध्ये २०१८ पासून अशी सोय आहे की, ती एकदा चालू करून ठेवल्यावर विंडोजची कळ व ‘व्ही’ ही कळ एकत्र दाबली असता, आधी कॉपी केलेल्या मजकुरांची यादीच समोर उभी राहते. हे आम्हांस फार उशिरा कळले. कळल्यावर आम्ही स्वतःवरच हसलो आणि कामास लागलो. नुकसान झाले ते आमच्या वेळेचे. असल्या अज्ञानाला आम्ही दोष म्हणणार नाही. यंत्राने आपली सेवा करावयाची, आपण यंत्राची नव्हे. त्याचा प्रत्येक कानाकोपरा धुंडाळीत बसणे हाही आयुष्याचा अपव्ययच होय.

येथवर आमचे मन निश्चिंत होते. पुढे जे घडले त्याने ती निश्चिंती मोडली.

आमच्या मातोश्री आमच्याजवळ सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. मधुमेहामुळे त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला, आणि चष्म्याचा नंबर बदलूनही अक्षरे लागेनात. आयुष्यभर वाचनात रमलेली ही बाई प्रथम आम्हांस म्हणे, “एवढं वाचून दाखव रे.” आम्ही कधी वाचून दाखवीत असू, कधी “उद्या वाचतो” म्हणत असू. नागपूरहून आमच्या भगिनीचे संदेश येत, तेही त्यांना आमच्या सवडीनेच ऐकावयास मिळत. हळूहळू त्यांनी सांगणेच सोडले. त्यांचे वाचन सुटले ते असे, कसलीही तक्रार न करता. आणि वय झाले की असे चालावयाचेच, अशी आम्हीही आमची समजूत घालून घेतली.

दोन वर्षे अशी गेल्यावर आमच्या विभागात एक नवे सहकारी रुजू झाले. त्यांना दृष्टी नाही. कानाला इअरफोन लावून ते संगणकावरील पत्रे ऐकतात आणि आमच्याहून चोख टिपणी लिहितात. एकदा जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडून मातोश्रींचा विषय निघाला. त्यांनी विचारले, त्यांचा फोन कोणता? आम्ही नाव सांगताच ते म्हणाले, मग त्यात सारे आहेच की. सेटिंग्जमध्ये कोठे जावयाचे, मराठी आवाज कसा निवडावयाचा, बोटाने तीनदा टकटक केले की पडद्यावरील अक्षर मोठे कसे होते, हे त्यांनी आम्हांस समजावून दिले. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर हे सर्व करावयास आम्हांस दहा मिनिटेही लागली नाहीत.

एक अडचण मात्र आली. भगिनी मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहीत असे. तो यंत्राच्या तोंडून असा काही चमत्कारिक निघू लागला की मातोश्रींना हसू आवरेना. तेव्हा तिला फोन करून तिच्याच फोनातील देवनागरी कळफलक चालू करावयास लावला. तोही तेथे पहिल्यापासून पडून होता! प्रांताबाहेर राहून मराठीच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्या आम्हां कुटुंबीयांना ही चपराक योग्यच होती.

भगिनीचे पहिले देवनागरी पत्र मातोश्रींनी स्वतः, कोणाची सवड न पाहता, ऐकले. मग फोन मांडीवर ठेवून त्यांनी विचारले, “हे यात आधीपासून होतं का रे?”

आम्ही म्हणालो, “नाही, नवीनच आलंय.”

हे असत्य होते. पडदा वाचून दाखविण्याची सोय अँड्रॉइडच्या आणि आयफोनच्या घराण्यांत २००९ सालीच आली. संगणकावर तर अक्षरे मोठी करून दाखविणारे भिंग विंडोज ९८ मध्येही होते. मग आम्हांस ते दिसले का नाही? सेटिंग्जमधील ‘सुलभता’ हे पान आम्ही अनेकदा ओलांडून गेलो होतो. ते अपंगांसाठी आहे, म्हणजे आपल्या घरासाठी नाही, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले होते. दुसऱ्याचे दुःख म्हणून जे पान आम्ही उघडले नाही, त्यातच आमच्या घरच्या दुःखाचा उपाय होता. शिवाय तो फोन आम्ही मातोश्रींना दिला, तो त्या आम्हांस केव्हाही सापडाव्यात म्हणून. त्यांना स्वतःला त्याचा काय उपयोग, हा विचार आमच्या मनास शिवला नव्हता. म्हणजे आमचे अज्ञान यंत्राविषयीचे नव्हते. ते माणसाविषयीचे होते.

निर्मात्यांचा यात काहीच दोष नाही, असे नव्हे. जी सोय सात दारांआड ठेवली ती दिल्यासारखी कशी म्हणावी? पण कायद्याने सोय समोर आणली तरी प्रश्न संपत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांत संकटसमयी मदत मागण्याची कळ असलीच पाहिजे, असा नियम सरकारने २०१६ साली केला. साध्या फोनावर ५ किंवा ९ चा आकडा त्यासाठी ठरविला गेला. कायदा कळ फोनात घालू शकतो, ती वृद्ध आईच्या ध्यानात घालू शकत नाही. ते काम घरातल्या माणसाचे. आपल्या सामर्थ्याचे विस्मरण झालेल्या हनुमंताला जांबवंताने आठवण दिली, ही कथा आपण हनुमंताच्या गौरवासाठी सांगतो. जांबवंत त्या दिवशी गप्प बसता तर त्याला काय म्हणावे, हे कोणी विचारीत नाही.

तेव्हा आमच्यापुरते उत्तर असे: सर्व काही जाणणे हे कोणाचेही कर्तव्य नव्हे. परंतु जवळचे माणूस एखादी गोष्ट निमूटपणे सोडून देत असेल, तर उपाय नाही असे ठरविण्यापूर्वी तो शोधणे हे कर्तव्य आहे. आणि तो शोध न घेता आलेले अज्ञान निर्दोष नव्हे.

आठवडाभर ते असत्य आमच्या मनाला टोचत राहिले. अखेर एका रविवारी चहाच्या वेळी आम्ही सांगून टाकले की, आई, ते नवीन नव्हते. पहिल्यापासून होते, आम्हीच पाहिले नाही. मातोश्री क्षणभर गप्प राहिल्या. मग कप खाली ठेवीत म्हणाल्या, “म्हणजे समोरच्या माताजींच्या फोनातही असेल. त्यांनाही हल्ली दिसत नाही. चहा झाला की जाऊन ये.”