शिक्का खरा, पत्र खोटं

वह्या उचला आपापल्या. हसू नका. मागच्या बाकावरच्यांना तर हसायला मुळीच जागा नाही, कारण तिथल्या सगळ्या वह्यांत एकच अभिप्राय आहे आणि शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच आहेत. गुन्हा करताना माग सोडू नये, एवढं तरी गुप्तहेरकथा वाचून शिकायला हवं होतं.

काय लिहिलंय तुम्ही? 'बोर झाली.' 'हिरो शेवटपर्यंत खाटेवरून उठतच नाही.' 'पाठलाग नाही, पिस्तूल नाही, दार तोडणं नाही.' 'पाचशे वर्षं जुनी केस, सगळे मेलेले, आता शोधून काय उपयोग?' एका शहाण्याने दोन ओळींत निकाल लावलाय: रिचर्ड निर्दोष, पुस्तक छान, पाच स्टार. आणि औरादकडच्या एका विद्वानाने शेवटी पुस्ती जोडली आहे की असल्या केसेस तिकडे इंग्लंडात होतात, आपल्या बीदरकडे कुठल्या आल्या!

या शेवटच्या वाक्यापायी आजचा तास मी राखून ठेवलाय. बाकीचं सगळं आळसाने लिहिलेलं आहे आणि आळशी पोरं मी जन्मभर पाहत आलोय. पण रोज ज्या रस्त्याने जाता तिथल्या खुनाची तुम्हाला खबर नाही, याला काय म्हणायचं?

आधी पुस्तक. जोसेफिन टे बाईंनी 1951 साली 'द डॉटर ऑफ टाइम' लिहिली. इंग्रजी जड जातं म्हणून मी इथे उभा राहून पानापानाचं मराठी करून सांगितलं. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ॲलन ग्रँट जायबंदी होऊन इस्पितळात पडलाय. छताकडे बघून कंटाळलेल्या त्या माणसाला मैत्रीण जुन्या माणसांच्या तसबिरी आणून देते आणि त्यांत तिसऱ्या रिचर्डचा चेहरा निघतो. 1483 मध्ये गादीवर बसलेला राजा. दोन कोवळ्या पुतण्यांना लंडनच्या टॉवरमध्ये संपवल्याचा त्याच्यावर ठपका. ग्रँट एका तरुण अमेरिकन अभ्यासकाला दप्तरं धुंडाळायला लावतो आणि खाटेवर पडल्या पडल्या तपास करतो.

पाठलाग नाही म्हणता? ज्या थॉमस मोरच्या वृत्तान्तावर पिढ्यान्‌पिढ्या विसंबून राहिल्या, तो मोर 1485 मध्ये रिचर्ड लढाईत पडला तेव्हा सात वर्षांचं पोर होता. हे कळल्यावर ग्रँट कसा भडकतो ते वाचलंत ना? साक्षीदार म्हणून ज्याला उभं केलं, त्याने काहीच पाहिलेलं नाही. सगळं ऐकीव. पोलिसाच्या लेखी ऐकीव गोष्टीची किंमत काय, हे त्या पानावर आहे आणि तुम्ही ते पान पिस्तूल शोधत उलटलंत.

आळंदकडच्या एका मुलीने मात्र विचारलंय की मोर लहान होता, तर त्याला हे सांगितलं कुणी? बस, उभी राहू नकोस, कौतुक चाललेलं नाही. इतका नेमका प्रश्न विचारलास आणि पुढे 'बाकी पुस्तक ठीक आहे' लिहून वही मिटलीस. ज्या आर्चबिशप मॉर्टनच्या घरी मोर लहानपणी वाढला, तो रिचर्डचा वैरी होता. हे त्याच पुस्तकात आहे. पुढची दोन पावलं टाकली असतीस तर उत्तर हाती होतं.

आता पाच स्टारवाले. 1990 साली ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनने शंभर गुन्हेकथांची यादी केली, त्यात ही कादंबरी पहिली आली. म्हणून काय तिच्यापुढे हात जोडायचे? ग्रँट तपास सुरू कशावरून करतो? चेहऱ्यावरून! हा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यातला वाटत नाही, न्यायाधीशाच्या खुर्चीतला वाटतो, म्हणून. चांगल्या चेहऱ्याने फसवलेली घरं भालकीपासून कलबुर्गीपर्यंत गावोगाव सापडतील. तुमच्यापैकी एकालाही हे खटकू नये? पुढे कादंबरी सांगते की रिचर्डला हरवून राजा झालेल्या सातव्या हेन्रीने त्याच्याविरुद्ध जो कायदा केला, त्यात क्रौर्य आणि जुलूम आहे, पण त्या पोरांच्या खुनाचा आरोप नाही. मूळ कायद्यात मात्र बालकांचं रक्त सांडल्याचे मोघम शब्द आहेत. म्हणजे बाईंनी वकिली केली. झकास केली, पण वकिलीच. रिचर्डवरचा ठपका पुसता पुसता तो हेन्रीला लावताना पुरावा तितकाच पातळ आहे.

2012 साली लेस्टरमधल्या एका वाहनतळाखाली रिचर्डचा सांगाडा निघाला. डीएनए जुळला. पाठीचा कणा वाकडा होता, हे नक्की झालं. म्हणजे शत्रूंनी रंगवलेलं कुबड अगदीच हवेतलं नव्हतं. पुतण्यांना कुणी मारलं, यावर त्या हाडांतून अवाक्षर निघालं नाही. कोणता पुरावा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि कुठे मुका होतो, हे ओळखणं म्हणजे जुनी केस वाचणं.

आता औरादच्या विद्वानाकडे येतो.

बीदरला तुम्ही सगळे जाता. दवाखान्याला, दाखल्याला, कपडे घ्यायला. चौबाऱ्यावरून किल्ल्याकडे जाताना एक मदरसा लागतो. एक मिनार उभा, निळ्या-हिरव्या नक्षीच्या फरशा अजून अंगावर. 1472 सालची इमारत. औरंगजेबाच्या काळात बंदुकीच्या दारूचा स्फोट होऊन तिचा एक भाग ढासळला. तिच्यापुढे फोटो काढताना तुम्ही दात दाखवता. ती बांधणाऱ्याचं काय झालं म्हणून विचारलं, तर मराठीत 'माहीत नाही' आणि कन्नडमध्ये 'गोत्तिल्ला'. अज्ञान दोन्ही भाषांत सारखंच खणखणीत.

महमूद गावान. इराणातल्या गिलानचा. व्यापारी म्हणून आपल्या कोकणात दाभोळ बंदराला उतरला, बीदरला आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. विशाळगड, तेव्हाचा खेळणा, त्याने घेतला. 1472 मध्ये गोवा घेतलं. आणि एप्रिल 1481 मध्ये, सत्तरी गाठलेल्या त्या म्हाताऱ्याचं डोकं सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाच्या हुकमाने कोंडापल्लीच्या छावणीत उडवलं गेलं. लंडनच्या टॉवरमधली ती दोन पोरं नाहीशी झाली 1483 मध्ये. दोनच वर्षांचं अंतर. तिकडच्या खटल्यावर पुस्तकं, नाटकं, वादविवाद, कण्याची तपासणी. इकडच्या खटल्यावर तुमची सेल्फी.

गुन्हा काय? एक पत्र. गावानने ओरिसाच्या राजाला लिहिलेलं म्हणे: सुलतान दारूत बुडालाय, चालून या. पत्रावर वजिराचा शिक्का. वजिराच्या विरोधकांनी शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला दारू पाजून कोऱ्या कागदावर तो उमटवून घेतला आणि मजकूर मागाहून लिहिला, अशी हकिगत आहे. सुलतानाने गावानला बोलावून विचारलं, धन्याशी बेइमानी करणाऱ्याला शिक्षा काय? तो म्हणाला, मृत्यू. मग पत्र पुढे आलं. गावानने पाहिलं आणि सांगितलं की शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही.

इथे थांबा आणि सुलतानाने काय विचारलं नाही ते बघा. पत्र घेऊन कोण निघालं होतं? ते कुठे पकडलं? हस्ताक्षर कुणाचं? शिक्का कुणाच्या ताब्यात असतो? त्या नोकराला बोलवा. यातलं काही नाही. फिर्यादीने कागद दिला, कागदावर शिक्का होता, जल्लादाला हुकूम झाला. त्याच सुलतानाला मागाहून पस्तावा झाला आणि वर्षाच्या आत तोही गेला. तुम्ही दोन ओळींत रिचर्डला सोडून दिलंत, त्याने एका कागदावर वजिराला मारलं. घाई तीच. तुमच्या हाती तलवार नव्हती एवढाच फरक. आणि रोज रात्री मोबाइलवर आलेल्या कागदाचे फोटो, त्यावरचा गोल शिक्का बघून, पुढे कोण ढकलतं तेही मला माहीत आहे.

फायदा कुणाचा झाला, हे विचारायचं असतं. गावानने राज्याच्या चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या. आपल्या गुलबर्ग्याच्या तरफेतून विजापूर वेगळं निघालं, तेलंगणाचे दोन तुकडे झाले. एका तरफदाराच्या हाती एकच किल्ला राहील, बाकीचे सुलतानाच्या माणसांकडे, असा नियम केला. ज्यांच्या पोटावर हा पाय पडला त्यांत तेलंगणाचा मलिक हसन निजाम-उल-मुल्क होता, दख्खनी सरदारांचा पुढारी. परदेशातून आलेल्या अमीरांचं आणि या दख्खनी मंडळींचं जुनं वैर होतंच. गावान गेल्यावर कारभार मलिक हसनच्या हाती आला. पाचेक वर्षांत त्याचाही बीदरमध्येच खून झाला. त्याच्या मुलाने पुढे अहमदनगरची निजामशाही उभी केली.

झालं! मागच्या बाकावर माना डोलायला लागल्या. खुनी सापडला, वाजवा टाळ्या. अरे, मघाशी मोरचं काय शिकलात?

ही शिक्क्याची, दारूची, प्रश्नोत्तराची हकिगत आपल्यापर्यंत मुख्यतः इतिहासकार फरिश्त्याच्या ग्रंथातून आली. फरिश्त्याने ती विजापुरात, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या पदरी बसून लिहिली, गावान मेल्यानंतर सव्वाशे वर्षांनी. त्या आदिलशाहीचा मूळपुरुष यूसुफ आदिलखान कोण? गावानच्या हाताखाली वर आलेला त्याच्याच गटाचा माणूस. आणि ठपका येतो कुणावर? विजापूरच्या शेजारी, भाऊबंद आणि वैरी असलेल्या अहमदनगरच्या मूळपुरुषाच्या बापावर. फरिश्ता आधी अहमदनगरला नोकरीत होता, 1589 मध्ये विजापूरला आला, हेही विसरू नका. मी फरिश्त्याला खोटा म्हणत नाही. गावानच्या काळात त्याचं चरित्र लिहिणारा एक माणूस होता आणि त्याचा आधार आपण घेतल्याचं फरिश्ता सांगतो. पण हकिगत सांगणारा कुणाचं मीठ खातो, हे त्याचं म्हणणं ऐकण्याआधी विचारायचं की नंतर?

फरिश्ता असंही सांगतो की गावानला मित्रांनी सावध केलं होतं, आज दरबारात जाऊ नका, गुजरातकडे निघून जा. आणि तो गेला नाही. वाचताना गळा दाटतो. दाटू द्या, पण वही ओली करू नका. हा निर्दोषपणाचा पुरावा आहे, की निर्दोष माणसाची गोष्ट नीट उभी राहावी म्हणून लिहिणाऱ्याने घातलेला रंग? मला पहिलं खरं वाटतं. मेल्यावर वजिराच्या खजिन्यात काही सापडलं नाही, मिळकत दानधर्मात गेली होती, तो मातीच्या भांड्यात जेवायचा, चटईवर झोपायचा, असंही लिहिलेलं आहे. फितुरी करणारा माणूस काहीतरी मिळवण्यासाठी करतो. हा काय मिळवणार होता? माझं मत असं आहे, आणि ते मत आहे, निकाल नाही. त्याच्या मृत्यूवर केलेल्या एका फारसी ओळीत तो निरपराध असल्याचं म्हटलंय आणि तिच्या अक्षरांची बेरीज 886 येते, तेच हिजरी साल. त्या ओळीने तारीख पक्की होते. निरपराधपण पक्कं होत नाही. कळतोय फरक?

रशियाचा प्रवासी अफनासी निकितिन गावानच्या हयातीतच बीदरला येऊन गेला. त्याची साक्ष खुनाबद्दलची नाही, पण वजिराचा दबदबा केवढा होता याबद्दलची आहे. गावानची स्वतःची पत्रं 'रियाज-उल-इन्शा'त आहेत. आरोप पत्राचा आहे, तर आरोपीची खरी पत्रं वाचायला नकोत का? उस्मानियाचे हारून खान शेरवानी यांनी 1942 मध्ये त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. अहमदनगरच्या दरबारात लिहिलेला 'बुरहान-ए-मआसिर' आहे, म्हणजे दुसऱ्या पक्षाचा कागदही उपलब्ध आहे. सगळे साक्षीदार ओळीने उभे आहेत आणि तपासणारा म्हणतो, आपल्याकडे केस नाही!

मराठी माणसाला बीदरचा बादशहा ठाऊक आहे तो मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या गोष्टीतून. विठू महार होऊन पांडुरंग बीदरच्या दरबारात धान्याचे पैसे भरतो आणि रसीद नेऊन देतो. ती गोष्ट तुमच्या आजीला पाठ आहे, तुम्हालाही आहे. एका कागदाने माणूस सुटल्याची गोष्ट घराघरांत सांगितली गेली आणि त्याच दरबारात एका कागदाने माणूस मारला गेल्याची गोष्ट मात्र मदरशाच्या पायरीशी पडून राहिली. दोष आजीचा नाही. तिने तिचं काम केलं. शिकलेले तुम्ही आहात.

आणि कन्नडवाल्यांचा इतिहास, मुसलमानांचा इतिहास, आमचा नाही, असलं काही पुटपुटू नका, मला ऐकू येतं. 1956 साली हा जिल्हा फुटला, उदगीर-निलंगा तिकडे गेले, भालकी-औराद इकडे राहिले. सीमा माणसांनी आखली. कोंडापल्लीच्या छावणीत सांडलेलं रक्त कुठल्या भाषेचं होतं, ते त्यानंतर ठरवायचं का?

आता काम. हे अभिप्राय रद्द. पुन्हा लिहायचे. पानाच्या डाव्या बाजूला कादंबरीतला साक्षीदार, उजव्या बाजूला गावानच्या खटल्यातला. प्रत्येकापुढे लिहायचं: त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं, कुणाच्या पदरी बसून लिहिलं. टे बाईंची एक चूक पकडून दाखवायची तीही मी आत्ता सांगितलेली सोडून दुसरी. माझ्या बोलण्यातलीही एक पकडून दाखवली तर चालेल, पण आधारासकट. बीदरच्या बसला बसा, मदरसा बघा, शहराबाहेर गावानची कबर आहे तिथे जा, आणि फोन खिशात ठेवा.

शनिवारी कागद हवेत. 'मला आवडली' किंवा 'मला बोर झाली' या शब्दांनी सुरू होणारा कागद मी हातात घेणार नाही.