चिठ्ठी

२०१६ च्या श्रावणात आमचे अण्णा न्हाणीघरात घसरले. डोके जरासे आपटले, खोकही पडली नाही. महिनाभराने मात्र चालताना त्यांचा तोल जाऊ लागला आणि मला ते माझ्या काकांच्या नावाने हाक मारू लागले. मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त साचले होते.

कवटीला भोके पाडून ते जुने, काळपट रक्त धुऊन काढायचे, एवढीच शस्त्रक्रिया. पण त्या जागी रक्त पुन्हा साचू शकते, म्हणून निचऱ्यासाठी बारीक नळी एकदोन दिवस ठेवतात. संमतिपत्र कानडी आणि इंग्रजीत होते. मला दोन्ही भाषा वाचता येतात. त्या दिवशी मी न वाचताच सही केली.

डॉक्टर धारवाडकडचे, पण मराठी उत्तम बोलत. म्हणाले, "सर, नळी ठेवणार हे नक्की. ती आवरणाच्या आत ठेवावी की बाहेर, कवटीच्या हाडावर, याचा निकाल अजून लागलेला नाही. चिठ्ठी टाकून ठरवले तर चालेल?"

माझे डोके फिरले. माझ्या वडिलांच्या डोक्यावर चिठ्ठ्या? "तुम्हाला योग्य वाटेल ते करा," मी म्हणालो.

"माझे वाटणे हीसुद्धा चिठ्ठीच हो. फक्त ती तुम्हाला दिसत नाही."

आपल्याकडे देवाला कौल लावतात, त्याचा कोणाला राग येत नाही. कारण देवाला ठाऊक आहे अशी श्रद्धा असते. चिठ्ठीत मात्र कोणालाच ठाऊक नाही, ही कबुली असते. आम्हा शिक्षकांना ती विशेष जड जाते. वर्गात 'मला माहीत नाही' म्हणायला मला वीस वर्षे लागली.

मुळात नळी ठेवावी की नाही, हा प्रश्नही इंग्लंडात केंब्रिजच्या रुग्णालयात २००४ ते २००७ या काळात असाच चिठ्ठीने सोडवला गेला. २१५ रुग्ण होते. नळी ठेवलेल्या १०८ पैकी १० जणांचे रक्त पुन्हा साचले. न ठेवलेल्या १०७ पैकी २६ जणांचे. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ९ दगावले, दुसऱ्यातले १९. फरक दिसताच प्रयोग मुदतीआधी थांबवला. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

मग त्या १०७ जणांवर अन्याय झाला का? मला तसे वाटत नाही. तेव्हा काही डॉक्टर नळी ठेवत, काही टाळत, आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटे. चिठ्ठी नसती तरी नळीविना माणसे गेलीच असती, फक्त कोणी मोजली नसती. उत्तर हाती आल्यावरही चिठ्ठ्या टाकत राहणे, हा मात्र अन्याय ठरला असता.

तरी एक काटा सलतोच. असे रुग्ण पुष्कळदा भ्रमलेले असतात. होकार देतो तो मुलगा. बापाच्या डोक्याची चिठ्ठी उचलण्याचा अधिकार मुलाला कुठून आला? याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. एवढे मात्र खरे, की अण्णांना नळी निःशंकपणे बसली ती त्या अनोळखी २१५ जणांमुळे. आणि माझी पाळी आली तेव्हा मी हात आखडता घेतला.

आत की बाहेर, यावर स्वित्झर्लंडमधल्या २२० रुग्णांचा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. रक्त पुन्हा साचण्यात ठाम फरक नव्हता, पण हाडावरच्या नळीने इजा कमी होत होती. तेव्हा अण्णा हयात होते, डोक्यावरचा खळगा बोटाने चाचपत पेपर वाचत. मी त्यांना ते सांगितले.

"मग माझी कुठे होती?" त्यांनी विचारले.

"बाहेर," मी म्हणालो. खरे तर डॉक्टरांना मी ते कधी विचारलेच नव्हते.