न लागणारा चटका

चैत्रोत्सवाच्या आधी धुळ्या-जळगावातून पायी निघालेले जथे मालेगाव, देवळा, कळवण करत सप्तशृंगीगडाकडे जातात. ऊन चाळिशीपार असतं. आमच्या जथ्यातल्या एक मावशी नवस आहे म्हणून अनवाणी चालतात. मधुमेह जुना. गेल्या चैत्रात डांबर पाघळत होतं आणि त्या मला म्हणाल्या, "माले चटका लागतच नही. आईनी कृपा शे."

मधुमेह मलाही आहे, म्हणून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. रक्तात साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की नसा मरू शकतात, आणि बहुधा आधी पायांच्या. डॉक्टर तळव्याला नायलॉनचा धागा टेकवतात, 10 ग्रॅम दाबाचा. तो कळला नाही, तर त्या पायाला खडाही कळणार नाही आणि फोडही. फोडाची जखम होते, जखम चिघळते, आणि कधी कधी पायच कापावा लागतो.

मग ही कृपा कशी? दुखतं, ते कळतं, तरी भक्त चालतो. आईला वाहायचं ते हेच, असं मी मानते. कळणंच गेलं तर वाहिलं काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात देहाला आणि देहात वसणाऱ्या भगवंतालाही छळणाऱ्या घोर तपाला आसुरी म्हटलं आहे. शिवाय खान्देश हे आईचं माहेर. माहेरचं माणूस भाजल्या पायांनी दारात आलेलं कोणत्या लेकीला आवडेल?

चालणं मात्र सोडू नये. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, तेच औषध. पण उपवास, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी आणि दिवसभराची चाल एकत्र आली की साखर 70 च्या खाली घसरू शकते. घाम येतो, हात कापतात, आणि उन्हात सगळेच घामाघूम असल्याने कुणाला शंका येत नाही. तेव्हा लगेच 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यावं आणि 15 मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी. डोस किती कमी करायचा, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. मुक्कामी पायांच्या बोटांच्या बेचक्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्याव्यात.

मावशींना मी सांगितलं, मधुमेहींसाठीची मऊ रबराची एमसीआर चप्पल घाला, पहिल्या पायरीशी काढा, वर सुती मोजे घालून पहाटे चढा. त्या म्हणतात, नवस बोलले ते बोलले. निदान धाग्याची तपासणी तरी करून घ्या म्हणून मी मागे लागले आहे. अजून त्या हो म्हणालेल्या नाहीत.