आडनाव काय म्हणालात?

अकरावीतल्या पुतण्यासाठी खोली पाहायला नांदेडहून लातूरला गेलो. ‘लातूर पॅटर्न’चं गाव, तेव्हा पोराचे टक्के आधी विचारतील, ही माझी भाबडी समजूत. घरमालकांनी विचारलं आडनाव. आमचं आडनाव चार जातींत चालतं. बिचाऱ्यांची पंचाईत झाली. मग गाव विचारलं, घर गावाच्या कुठल्या अंगाला ते विचारलं, शेवटी कुलदैवतावर समाधान झालं आणि चहा आला.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ साली झाला. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ला, ऐन संक्रांतीला. एका पाटीला सोळा वर्षं! मध्ये आमच्या नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळ्यांसारख्यांचे जीव गेले.

चहा निम्मा झाला तोच दारात दुसरा मुलगा आला. हातात गुणपत्रिका, टक्के आमच्या चिरंजीवांहून चार जास्त. आडनाव ऐकून मालक म्हणाले, ‘खोली कालच गेली.’

अहो, ती तर आम्ही आत्ता घेत होतो!

मला राग आला. फार राग आला. चहा मात्र मी संपवला, आणि डिपॉझिटही मोजून दिलं. पाटीला सोळा वर्षं लागली. माझ्या जिभेला किती लागणार, कोण जाणे.